एडिसनची तिसरी तार

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात जे प्रश्न पडतात त्यांत एक हमखास असतो. इथली वीज ११० व्होल्टची आणि आपल्याकडची २३० ची, हे असे का? पुण्याहून आणलेली इस्त्री इथे नुसती कोमट होते, मिक्सर रडल्यासारखा आवाज काढतो, आणि मग मंडळाच्या पहिल्याच स्नेहसंमेलनात हा प्रश्न कोणाच्या तरी पुढ्यात येऊन पडतो. उत्तरेही ठरलेली असतात. "अमेरिकन माणूस जिवाला फार जपतो" हे एक. "इंग्रजांच्या उलट करायचं म्हणून" हे दुसरे. हे दुसरे उत्तर गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने का, दिव्याचे बटण वर केल्यावर का लागते, अशा सगळ्याच प्रश्नांना चालते, त्यामुळे ते फार लोकप्रिय आहे.

मी सहा वर्षे महाराष्ट्रात आणि पुढची अठ्ठावीस वर्षे न्यू जर्सीत वीजवितरणाचेच काम केले. त्यामुळे मंडळात हा प्रश्न फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येतो आणि वडे गार होईपर्यंत मी उत्तर देत बसतो. एकदाच काय ते लिहून टाकावे म्हणून हा लेख.

प्रथम एक दुरुस्ती. तुमच्या घरात येणारी वीज ११० व्होल्टची नाही. ती १२० ची आहे, आणि २४० चीही आहे. खांबावरून किंवा जमिनीखालून तुमच्या मीटरपर्यंत तीन तारा येतात. बाहेरच्या दोन तारांमध्ये २४० व्होल्ट, आणि त्यांतली कुठलीही एक व मधली तार यांच्यामध्ये १२०. दिवे, टीव्ही, फ्रिज १२० वर चालतात. कपड्यांचा ड्रायर, विजेची शेगडी, पाणी तापवण्याची टाकी आणि मोठा एअर कंडिशनर २४० वर. तळघरातल्या ब्रेकरच्या पेटीत जे जोडीने बांधलेले ब्रेकर दिसतात, ते या दोन्ही बाहेरच्या तारांवर एकदम बसलेले असतात. या व्यवस्थेला इथे स्प्लिट-फेज म्हणतात. तिचा उगम पाहायचा तर १८८२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये जावे लागते.

आपल्यापैकी कितीतरी जण ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जातात. ते एडिसन गाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होते. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती म्हणून नाव बदलले. तिथे त्याने कार्बनच्या तंतूचा दिवा तयार केला आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होती, आणि दाब साधारण ११० व्होल्ट. हा आकडा दिव्याने ठरवला. दाब जितका जास्त तितका तंतू लांब आणि बारीक हवा, आणि कार्बनचा तंतू फार बारीक केला की टिकत नसे. शंभराच्या आसपास तो बरा टिके. वाटेत तारांमध्ये थोडा दाब खर्ची पडणार म्हणून केंद्रात थोडा चढा ठेवायचा.

दिवा जमला, पण तांब्याने घात केला. ११० व्होल्टवर भरपूर दिवे चालवायचे तर प्रवाह भरपूर लागतो, आणि प्रवाह भरपूर म्हणजे तारा मनगटाएवढ्या जाड. केंद्रापासून मैलभरापलीकडे वीज नेणे परवडेना. रस्ते खणून गाडलेल्या त्या तांब्याचा हिशेब एडिसनच्या डोक्यावर सतत टांगलेला असे. हा माणूस शास्त्रज्ञ म्हणून जितका मोठा होता त्याहून व्यापारी म्हणून काकणभर जास्तच होता, असे माझे मत आहे, आणि त्याच्या या शोधात त्या व्यापाऱ्याचाच हात जास्त दिसतो.

युक्ती अशी. ११० व्होल्टची दोन जनित्रे घ्यायची आणि टॉर्चमधल्या सेलसारखी एकापुढे एक जोडायची. दोन टोकांना २२० व्होल्ट मिळतात. दोन्ही टोकांवरून एकेक तार काढायची आणि तिसरी तार दोन जनित्रांच्या मधल्या सांध्यावरून. निम्मे दिवे वरच्या आणि मधल्या तारेत लावायचे, निम्मे मधल्या आणि खालच्या तारेत. प्रत्येक दिव्याला ११० व्होल्टच मिळतात, पण रस्त्यावरून वीज जाते ती २२० च्या हिशेबाने. दोन्ही बाजूंना सारखे दिवे लागले असतील तर मधल्या तारेतून काहीच प्रवाह जात नाही. एका बाजूला ४० अँपियर आणि दुसऱ्या बाजूला ३० असतील तर मधली तार फक्त वरचे १० वाहते. सासू-सुनेच्या मधल्या मुलासारखे तिचे काम: दोघींत समतोल असेल तर तिला आराम.

बचत किती? दाब दुप्पट झाला की तेवढ्याच दिव्यांना प्रवाह निम्मा पुरतो. वाटेतली घट टक्क्यांनी पूर्वीइतकीच ठेवायची तर तार एक चतुर्थांश जाडीची चालते. अशा तीन तारा मिळून जुन्या दोन तारांच्या तीन अष्टमांश तांबे लागते. म्हणजे शंभर पौंडांच्या जागी साडेसदतीस. एडिसनला याचे पेटंट २० मार्च १८८३ रोजी मिळाले. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनने हीच कल्पना १८८२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती, पण अमेरिकेत नाव राहिले एडिसनचे.

ही पद्धत खांबांवरच्या तारांनी प्रथम चालू झाली ती पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात, ४ जुलै १८८३ रोजी. पिट्सबर्गच्या वेंकटेश्वराला जाताना आय-८० सोडून डॅनव्हिलपाशी वाकडी वाट केली की अर्ध्या तासाच्या आत सस्क्वेहॅना नदीकाठचे हे गाव लागते. तिथल्या सिटी हॉटेलात ही वीज आली, पुढे त्या हॉटेलाचे नावच एडिसन हॉटेल झाले. मी एकदा मुद्दाम थांबलो होतो. गाडीतली मंडळी दर्शनाला उशीर होतो म्हणून कुरकुरली, आणि "इथे बघण्यासारखं काय आहे?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे रस्त्यावरच्या निळ्या पाटीपलीकडे उत्तर नव्हते. सनबरीच्या कामावर फ्रँक स्प्रेग नावाचा, नौदल सोडून आलेला तरुण इंजिनियर होता. तोवर एडिसनची माणसे तारांची जाडी अंदाजाने आणि छोटी प्रतिकृती करून ठरवत. स्प्रेगने गणित मांडले. याच स्प्रेगने १८८८ मध्ये रिचमंड शहरात विजेच्या ट्राम यशस्वी करून दाखवल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, ती त्याच वाटेने आलेली.

आता रोहित्राकडे येऊ. रोहित्र हा आपल्या वीज मंडळाचा शब्द. गावाकडे त्याला सरसकट डीपी म्हणतात आणि इथे ट्रान्सफॉर्मर. मूळ तत्त्व मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी पाहिले. लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात प्रवाह सुरू केला किंवा तोडला की दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटे. नुसता चालू ठेवला तर काही नाही. बदल हवा, लोखंडातले चुंबकत्व कमीजास्त होत राहिले तरच दुसऱ्या वेटोळ्याला काही मिळते. डीसीत बदल नाही, म्हणून रोहित्र नाही. एसी म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह; तो इथे सेकंदाला ६० आणि भारतात ५० आवर्तने करतो, त्यामुळे चुंबकत्व सतत हलते राहते. वेटोळ्यांच्या फेऱ्यांचे जे प्रमाण तेच दाबाचे. तीस फेऱ्यांना एक फेरी ठेवली की ७,२०० व्होल्टचे २४० होतात. ना चाक, ना पट्टा, ना पिस्टन. हलणारा एकही भाग नाही. इतके सोपे आणि इतके उपयोगी यंत्र मला दुसरे ठाऊक नाही.

व्यवहारात ते आणले अनेकांनी मिळून. गोलार आणि गिब्ज या जोडीने १८८३ मध्ये लंडनला आपले यंत्र दाखवले, पण ती यंत्रे एकामागे एक जोडलेली असत, त्यामुळे एका गिऱ्हाइकाने दिवे मालवले की दुसऱ्याच्या दिव्यांवर परिणाम व्हायचा. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे रोहित्र बनवले आणि ती सगळी समांतर जोडली. इथे जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या पैशावर विल्यम स्टॅन्लीने मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावात, ५०० व्होल्टने वीज नेऊन दुकानांपाशी ती १०० वर उतरवली. तारीख २० मार्च १८८६. एडिसनच्या तीन तारांच्या पेटंटला त्याच दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती, आणि त्या पेटंटने वाचवलेले तांबे आता क्षुल्लक ठरणार होते. दाब दुप्पट करून साडेबासष्ट टक्के वाचत असेल तर तो वीसपट-तीसपट करून किती वाचेल, हा हिशेब कोणालाही करता येण्यासारखा होता.

पुढची एसी-डीसीची लढाई बहुतेकांनी वाचलेली असते. एडिसनच्या बाजूच्या लोकांनी एसी किती जीवघेणी आहे हे दाखवायला जनावरे मारली, १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीने पहिला देहदंड झाला तो एसीवर, आणि १८९२ साली एडिसनची कंपनी दुसरीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली तेव्हा नावातला एडिसन गळून पडला. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या एसीने उजळले. एडिसन हरला, इथे गोष्ट संपते असे पुस्तके सांगतात.

पण गावोगावच्या एडिसन कंपन्यांनी घरांत काय बसवून ठेवले होते? ११० व्होल्टचे दिवे आणि तीन तारा. एसी आली तेव्हा ते उपटून टाकण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि गरजही नव्हती. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याच्या बरोबर मध्यावरून एक तार बाहेर काढली की काम झाले. वेटोळ्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे एडिसनचे पहिले जनित्र, खालचा अर्धा भाग म्हणजे दुसरे. दिव्यांना जनित्र बदलल्याचा पत्ताही लागला नाही. दाब तेवढा हळूहळू ११० वरून ११५, ११७ करत १२० पर्यंत चढला. बोलण्यात मात्र आपण अजून ११० च म्हणतो. मॅनहॅटनमध्ये तर खुद्द एडिसनची डीसी काही गिऱ्हाइकांना मिळत होती ती थेट १४ नोव्हेंबर २००७ पर्यंत. पर्ल स्ट्रीटनंतर सव्वाशे वर्षे!

युरोपचे पाऊल वेगळे पडले. बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ च्या सुमारास गिऱ्हाइकांची उपकरणे बदलून देण्याचा खर्च सोसून २२० व्होल्ट स्वीकारले. वाचलेल्या तांब्यात तो खर्च निघत होता. तिथे तेव्हा गिऱ्हाइके कमी, म्हणून ते जमले. अमेरिकेत ती फार झाली होती. लवकर सुरुवात करणाऱ्याला जुने ओझे वागवावे लागते, एवढेच त्या स्नेहसंमेलनातल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

भारतात वीज पसरली ती तीन फेजची पद्धत पक्की झाल्यावर. तिथे रस्त्यावरून चार तारा जातात: तीन फेजच्या आणि एक न्यूट्रल. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०. साध्या घरात त्यांतली एक फेज येते. म्हणूनच "आमची फेज गेली, समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे आहेत" हे वाक्य आपल्याकडे जन्मले आणि इथल्या लोकांना ते समजावून सांगता येत नाही. इथल्या घरात दोन बाजू असल्या तरी फेज एकच आहे. एकाच वेटोळ्याची दोन टोके, एक वर तर दुसरे खाली, सी-सॉच्या फळीसारखी. मधला टेकू म्हणजे न्यूट्रल. याला पुष्कळ इलेक्ट्रिशियनसुद्धा टू-फेज म्हणतात, ते चूक. खरी टू-फेज निराळी होती. नायगाराची १८९५ ची जनित्रे तशी होती. जर्सी सिटीतल्या मोठ्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: तिथे बहुधा तीन फेजमधल्या दोन घरात येतात, तेव्हा १२० तर मिळतात पण २४० ऐवजी २०८ च. २४० चा ड्रायर तिथे पाऊण ताकदीनेच तापतो. तो बिघडलेला नसतो.

मधली तार जमिनीला जोडण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला आगीचा विमा उतरवणाऱ्या मंडळींना वीजवाहक तार मुद्दाम जमिनीला जोडणे अजिबात पसंत नव्हते. पण रोहित्रात एका बाजूला हजारो व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला तुमचे स्वयंपाकघर. आतले इन्शुलेशन फुटले, किंवा वादळात वरची तार खालच्या तारेवर पडली, तर ते हजारो व्होल्ट सरळ दिव्याच्या बटणापर्यंत येतात. मधली तार जमिनीला जोडलेली असेल तर त्या दाबाला जमिनीत वाट मिळते आणि खांबावरचा फ्यूज उडतो. अखेर १९१३ च्या राष्ट्रीय नियमावलीत ही जोडणी सक्तीची झाली. तिचा दुसरा फायदा म्हणजे या घरात कोणत्याही तारेला हात लागला तरी जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टच बसतात, २४० नाही. १२० नेही माणूस मरतो, हे विसरू नये.

आणि हीच मधली तार तुटली तर? हे मला नीट सांगायचे आहे, कारण ते कोणाच्याही घरी होऊ शकते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका स्नेह्यांकडे सत्यनारायण होता. आदल्या रात्री जोराचा वारा सुटला होता. प्रसादाचा शिरा गरम करताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मायक्रोवेव्ह लावला की हॉलमधले दिवे जास्तच उजळतात हो. छान दिसतंय नाही?" मी ताट बाजूला ठेवून तळघरात गेलो आणि मेन ब्रेकर पाडला. पूजेच्या घरात अंधार केल्याबद्दल दोन-तीन ज्येष्ठांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. पण तोवर एक टीव्ही आणि भट्टीचा कंट्रोल बोर्ड गेलेला होताच. वीजकंपनीचा लाइनमन आला, घरावर जिथे तारा येतात तिथला न्यूट्रलचा सांधा गंजून सुटत आला होता तो त्याने बदलला, आणि पाऊण तासात आरती झाली.

काय होत होते ते पाहा. मधली तार गेली की दोन्ही बाजू २४० व्होल्टवर एकीपुढे एक, अशा जोडल्या जातात. एका बाजूला ६०० वॅटचा भार असेल तर त्याचा रोध २४ ओहम. दुसऱ्या बाजूला १,२०० वॅट, म्हणजे १२ ओहम. २४० व्होल्टची वाटणी या प्रमाणात होते: जड भाराच्या बाजूला ८० व्होल्ट, हलक्या भाराच्या बाजूला १६०. म्हणजे ज्या बाजूला बिचारा एखादा टीव्ही आणि दोन दिवे, तीच बाजू जळते. भारतात न्यूट्रल तुटल्यावर याहून वाईट होते, कारण तिथे वाटणी ४०० ची असते. चाळीतले सगळ्यांचे टीव्ही एकाच संध्याकाळी गेल्याची आठवण अनेकांना असेल. ब्रेकर यात मदत करत नाही, कारण तो फक्त जास्त प्रवाहाला ओळखतो, जास्त दाबाला नाही. जमिनीत ठोकलेली सळईही न्यूट्रलची जागा घेत नाही, मातीचा रोध फार असतो. कधीकधी तर पाण्याच्या धातूच्या नळातून प्रवाह शेजाऱ्याच्या न्यूट्रलपर्यंत वाट काढतो आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

तेव्हा एखादे मोठे उपकरण लावल्यावर घरातले काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील, तर मेन बंद करा आणि वीजकंपनीला फोन करा. नुसते सगळेच दिवे क्षणभर मंदावणे वेगळे, ते चालते. काही दिवे उजळणे ही खूण आहे.

जुन्या घरात राहणाऱ्यांनी ड्रायरच्या सॉकेटकडेही एक नजर टाकावी. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून नियमावलीने शेगडीसाठी एक सवलत दिली: उपकरणाचे धातूचे अंग जमिनीच्या वेगळ्या तारेऐवजी न्यूट्रललाच जोडले तरी चालेल. पुढे ती ड्रायरलाही मिळाली. युद्ध संपून पन्नास वर्षे झाली तरी सवलत चालू होती. नव्या वायरिंगसाठी ती १९९६ च्या नियमावलीत बंद झाली. तीन छिद्रांचे सॉकेट म्हणजे जुनी रीत, चार छिद्रांचे म्हणजे नवी. जुन्या रीतीत न्यूट्रल सुटली की ड्रायरचे पत्र्याचे अंगच विजेने भरते. इलेक्ट्रिशियनला बोलावून चौथी तार घालून घेणे उत्तम.

हल्ली मंडळात व्होल्टचा प्रश्न मागे पडून दुसराच पुढे आला आहे, तो विजेच्या मोटारीचा. साध्या १२० च्या सॉकेटवर १२ अँपियर घेतले तर गाडीत तासाला दीड युनिटसुद्धा जात नाही. २४० वर ३२ अँपियर घेतले की साडेसात युनिटच्या वर जातात. म्हणून जो तो गॅरेजमध्ये २४० ओढून घेतो. खांबावरचा राखाडी डबा मात्र बहुधा २५ केव्हीएचा असतो, म्हणजे सगळ्या घरांत मिळून शंभर-एक अँपियरचा, आणि त्यावर पाच-सहा घरे असतात. आम्ही तो निवडायचो तेव्हा हिशेब असा असे की दिवसा तापला तरी रात्री सगळे झोपल्यावर त्यातले तेल निवते. आता सगळ्यांच्या गाड्या रात्रीच लागतात. आमच्या गल्लीत तीन गाड्या आल्यावर कंपनीने २५ चा डबा काढून ५० चा बसवला.